गुडघ्याएवढ्या झुडपांची दरी

"तुला चिखलात चालता येतं ना गो?" श्रीधरकाकांनी फोनवर विचारलं.

सावंतवाडीत जन्म काढलेल्या आणि तिथेच रोपवाटिका चालवणाऱ्या बाईला हा काय प्रश्न झाला! मी म्हटलं, "काका, मी चिखलातच राहते."

"मग ये. काकूचे गुडघे गेलेत, अमितला हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलमधून सुट्टी मिळत नाही, आणि मला एकट्याला कोणी सोडत नाही."

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, आणि अमित त्यांचा मुलगा. तरुणपणी कॅनडाला गेले ते तिथलेच झाले. विद्यापीठात प्रोफेसर होते. बर्फाचं पाणी कसं होतं आणि ते पाणी पुढे जातं कुठे, एवढ्या एका गोष्टीचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. लहानपणी आम्हाला हे काम फार गमतीचं वाटायचं. आमच्याकडे पाणी आभाळातून पडतं, वहाळातून वाहतं आणि समुद्राला मिळतं. त्यात शोधायचं काय?

नोकरीच्या सुरुवातीला ते दर उन्हाळ्यात युकॉनमधल्या एका दरीत जाऊन राहायचे. कॅनडाच्या अगदी वायव्येला, अलास्काला लागून हा प्रदेश. पुढे काम दुसरीकडे गेलं, मग निवृत्ती आली, आणि ती दरी मनातच राहिली. आता त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर त्याच दरीत काम करणाऱ्या केतकी नावाच्या मराठी मुलीने त्यांना हुडकून काढलं. "सर, एकदा या आणि बघा," ती म्हणाली. बस, काकांनी बॅग काढली.

नॉर्थ यॉर्क

कॅनडातल्या काकांच्या गावी पोचले. त्यांचा फ्लॅट, तिकडच्या भाषेत कॉन्डो, एकविसाव्या मजल्यावर. खाली बघितलं की गाड्या मुंग्यांसारख्या दिसतात. मला झाडांच्या बुंध्यांकडे बघायची सवय. इथे झाडांचे शेंडेसुद्धा खाली. काकूंनी माझ्यासाठी पोहे केले होते आणि पोहे खातानाच मला सूचना सुरू झाल्या.

"बीपीची गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. पाय ओले राहता कामा नयेत. आणि हे बघ शुभू, ते म्हणतील 'मी जरा पुढे जाऊन येतो.' जाऊ द्यायचं नाही."

"अगं, ती दरी मला हाताच्या रेषांसारखी पाठ आहे," काका आतून ओरडले.

"तुम्हाला किचनमधला चहाचा डबा सापडत नाही," काकू म्हणाल्या.

माझ्या सामानात मेतकूट, कोकमं, तिरफळं आणि तांदळाची पिठी होती. काकूंनी त्यात जाड मोज्यांचे जोड कोंबले. मी म्हटलं, जून महिना आहे. त्या हसल्या फक्त.

व्हाइटहॉर्सहून उत्तरेला

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला उतरल्यावर हवेला आलेला वास मात्र सांगितलाच पाहिजे: राळेचा, ओल्या मातीचा, आणि त्यात कुठेतरी जळक्या लाकडाचा. केतकी घ्यायला आली होती. लातूरची मुलगी, तिशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली. काकांना वाकून नमस्कार केला आणि लगेच सामान ट्रकमध्ये टाकलं.

"ताई, ग्रोसरी घेऊन टाकू. पुढे काहीच नाहीये. आणि वॉशरूमला आत्ताच जाऊन या, सीरियसली."

मग आम्ही कित्येक तास उत्तरेला जात राहिलो. दोन्हीकडे स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची जंगलं, सुईसारखी सरळ. काही डोंगरच्या डोंगर जळून काळे झालेले आणि त्यांच्या पायथ्याशी जांभळ्या फुलांचे ताटवे नुकते उमलू लागलेले. रस्ता चांगला म्हणावा तर मधेच होडीत बसल्यासारखा वर-खाली व्हायचा. जिथे खड्डा मोठा तिथे कडेला लहानसं केशरी निशाण लावलेलं.

"इथली जमीन खाली कायमची गोठलेली असते," केतकी गाडी हळू करत म्हणाली. "म्हणजे असायची. ती वितळली की रस्ता बसतो. दरवर्षी रिपेअर करतात, दरवर्षी परत बसतो."

काका काचेला नाक लावून बसले होते. "हे सगळं उघडं होतं," ते मधूनमधून म्हणत. "इथून तो डोंगर दिसायचा."

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, कुठलातरी दुसरा रस्ता आठवत असेल.

एल्सीची केबिन

दरीच्या तोंडाशी, ओढ्याकाठी एल्सीची लाकडी केबिन आहे. एल्सी इथल्या मूळ लोकांपैकी, वय सत्तरीचं. काका त्या काळी यायचे ते एल्सीच्या वडिलांकडे उतरायचे, आणि एल्सी तेव्हा वेणी घातलेली तरुण मुलगी होती. ट्रकचा आवाज ऐकून ती बाहेर आली, काकांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "श्री, तू म्हातारा झालास."

"तू नाही झालीस?"

"मी इथेच होते. मला कळलं नाही."

दोघं एवढे हसले की मला आणि केतकीला उगाच लाजल्यासारखं झालं.

केबिनमध्ये पाऊल टाकलं आणि माझा तोल गेला. आधी वाटलं प्रवासाचा थकवा. मग लक्षात आलं, जमीनच तिरकी आहे. ओढ्याकडचा कोपरा वीतभर खचलेला होता. टेबलाच्या दोन पायांखाली एल्सीने लाकडाचे ठोकळे दिले होते. दार आपोआप उघडायचं, म्हणून त्याला दोरी बांधलेली. वडिलांनी बांधलेलं हे घर तिला हलवायचं होतं. शरद ऋतूत भाचे यंत्र घेऊन येणार होते, घर ओंडक्यांवर चढवून ओढून नेणार होते. नेणार कुठे, ते मात्र अजून ठरत नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी एक जागा बघितली होती," ती म्हणाली. "या वर्षी तिथे डबकं आहे."

त्या संध्याकाळी एल्सीने ओढ्यातून पकडलेले ग्रेलिंग मासे आणले. पाठीवर शिडासारखा मोठा पर असलेला, चंदेरी-जांभळा मासा. मी तिला म्हटलं, आज मी करते. तिरफळं ठेचली, डब्यातल्या नारळाच्या दुधात कोकमं घातली. पण चूल तिरकी, त्यामुळे तेल सगळं तव्याच्या एका बाजूला. अर्धा कांदा करपला आणि अर्धा कच्चा राहिला. आमटी मात्र झाली. एल्सीने पहिला घोट घेतला, थांबली, आणि जिभेला मुंग्या येताहेत म्हणाली. मी घाबरले. तिने वाटी पुढे केली, "आणखी."

तिने केलेली पाव आणि भाकरी यांच्या मधली बॅनॉक आम्ही आमटीत बुडवून खाल्ली. भातावाचून आमटी खायची मला सवय नाही, पण सांगते, वाईट लागत नाही.

जेवल्यावर बाहेर लख्ख ऊन. झोपायची वेळ झाली तरी ऊन. एल्सीने खिडकीवर ब्लँकेट ठोकलं तेव्हा कुठे डोळा लागला.

सकाळी तिच्याबरोबर ओढ्यावर गेले. बादली बुडवण्याआधी ती ओढ्याशी स्वतःच्या भाषेत दोन शब्द बोलली. मला बरं वाटलं. आमच्याकडेही आई विहिरीत कळशी सोडण्याआधी हात जोडायची. बादलीतलं पाणी मात्र कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.

"हे भांड्यांना," एल्सी म्हणाली. "प्यायचं पाणी मी आता गावातून आणते. माझे वडील इथेच ओंजळीने प्यायचे. वर कुठेतरी जमीन ढासळते, आणि मग पाणी असं येतं."

दरीत

दरी एल्सीच्या घरामागून वर चढत जाते. मी दरी म्हटल्यावर सह्याद्रीतली खोल दरी मनात आणू नका. ही रुंद, उथळ, परातीसारखी. तिच्या वरच्या अंगाला केतकीचा खांब आहे. वारा, पाऊस, बर्फाची जाडी मोजणारी यंत्रं त्यावर लावलेली. पहिल्या दिवशी आम्ही एल्सीच्या चारचाकी मोटरसायकलच्या वाटेने तिथपर्यंत हळूहळू चालत गेलो. डोक्यावर जाळीची टोपी, कारण डास. कोकणातले डास मी ओळखते. त्यांच्यात काही एक संकोच असतो. इथल्यांत नाही.

वाटेच्या दोन्ही बाजूंना झुडपं. बर्च आणि विलो. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचं भावंड, पान बघताक्षणी ओळखलं मी. काही कमरेएवढी, काही माझ्या डोक्याच्या वर. आत करवंदीच्या जाळीसारखी गच्च. कोवळी पानं नुकती उघडलेली, हात लावला तर चिकट. नर्सरीवाल्या बाईला अशी तजेलदार वाढ बघून आनंदच होणार. मी तसं बोलूनही गेले, "काय छान वाढलंय हो सगळं!"

काका एक फांदी हातात धरून उभे राहिले होते.

केतकीने मला खांबापाशी बसून समजावलं. ती शिकवायला लागली की तिच्या मराठीत इंग्रजी येतं, पण समजतं सगळं.

"ताई, पूर्वी इथे सगळं उघडं होतं. हिवाळ्यात वारा बर्फ उडवून न्यायचा. आता ही झुडपं बर्फ ट्रॅप करतात. बर्फ म्हणजे गोधडी. गोधडी जाड झाली की खालची जमीन हिवाळ्यात पुरेशी गार पडत नाही. मग उन्हाळ्यात ती आणखी खोल वितळते. वितळली की झुडपांना आणखी मुळं पसरायला जागा."

"म्हणजे झुडपं स्वतःची सोय करून घेतात."

"एक्झॅक्टली! वसंतात बर्फातून यांच्या काळ्या काड्या वर येतात, त्या उन्हाने तापतात आणि भोवतीचा बर्फ लवकर वितळतो. पण आत दाट सावली आहे तिथे तो उशिरापर्यंत राहतो. मग पानं आली की हीच झुडपं पाणी पितात आणि हवेत सोडतात."

"मग ओढ्याला पाणी वाढलं की कमी झालं?"

ती हसली. "सगळे हेच विचारतात. ऊब वाढली म्हणून एकीकडे बर्फच कमी पडतो, झुडपं दुसरीकडे तो धरून ठेवतात. कधी एक जिंकतं, कधी दुसरं. पाणी येण्याची वेळ बदलली, वाट बदलली, हे नक्की. बाकीचं मला अजून माहीत नाही. माझी सगळी पीएचडी त्यावरच चाललीये."

"आणि तू लातूरहून इथे बर्फ मोजायला आलीस!"

"आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल ते कोणालाच माहीत नसायचं," ती म्हणाली. "लहानपणी वाटायचं, पाणी येतं कुठून ते ज्याला कळलं तो मोठा माणूस. सरांचं काम वाचलं तेव्हा वाटलं, हाच तो."

"तो" तेव्हा जरा दूर, आमच्याकडे पाठ करून उभा होता.

ज्या दिवशी काका दिसेनासे झाले

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, हवा बोचरी. केतकी खांबावर चढून यंत्रांतली माहिती काढत होती. काका आणि मी एका खडकावर बसलो होतो. काका म्हणाले, "तो समोर उंचवटा दिसतोय ना, त्याच्या पलीकडे एक मोठा पांढरा धोंडा आहे. आमचा तंबू तिथे असायचा. मी जरा पुढे जाऊन येतो."

काकूंचं वाक्य मला आठवलं. पण खरं सांगते, त्यांच्या तोंडाकडे बघून माझ्याने नाही म्हणवेना. "मीपण येते," मी म्हटलं.

"अगो, हाकेच्या अंतरावर आहे. बस तू."

मी बूट घट्ट बांधायला वाकले. लेस बांधून मान वर केली तर काका नव्हते. फक्त झुडपं हलत होती, आणि तीसुद्धा वाऱ्याने.

मी हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. वाऱ्याने पानांची सळसळ आणि खालून ओढ्याचा आवाज. त्यात माझी हाक कुठच्या कुठे गेली. केतकी खांबावरून उतरली.

"वरूनही दिसत नाहीयेत," ती म्हणाली. "ताई, पळायचं नाही. एकमेकींना सोडायचं नाही. आणि सतत मोठ्याने बोलत राहायचं. अस्वलं आहेत इथे. अचानक समोर गेलो तर ती घाबरतात."

"अस्वलं घाबरतात?"

"आणि मग आपली पंचाईत होते."

तिने कमरेचा, अस्वल पळवायच्या तिखटाचा फवारा हातात घेतला, दुसऱ्या हाताने उपग्रहाच्या लहानशा यंत्रावरून एल्सीला निरोप धाडला आणि आम्ही आत शिरलो.

आत शिरलो म्हणजे बुडालो. दोन पावलांत डोंगर गेले, खांब गेला, आभाळाची फक्त एक पट्टी राहिली. फांद्या तोंडावर, पायाखाली मऊ शेवाळ, कुठे घट्ट तर कुठे घोट्यापर्यंत पाणी. त्यातच पाऊस सुरू झाला, बारीक आणि बर्फासारखा गार. मला समोर फक्त केतकीची लाल बॅग दिसत होती. या वयाचा माणूस यात एकटा आहे, हे डोक्यात आलं आणि मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"बोला, ताई, बोलत राहा!"

काय बोलणार? काकांना हाका मारून घसा बसला. "काकानूं, खंय आसात?" मालवणीतून ओरडले. मग काहीच सुचेना. आणि मनाला येईल ते म्हणावं तसे माझ्या तोंडून पाढेच बाहेर पडायला लागले. बे एके बे. बे दुणे चार. लहानपणी देवघरासमोर मांडी घालून म्हणायचे तसे, सुरात, पण जीव खाऊन ओरडत.

मधेच मला एक मोडलेली फांदी दिसली. मोड ताजा होता. आतलं लाकूड पांढरं आणि ओलं. रोपवाटिकेत दिवसभर हेच बघते मी, कालचा मोड आणि आत्ताचा मोड लगेच कळतो. पुढे आणखी एक. "केतकी, इकडे!" मग दोघी त्या फांद्या धरत गेलो. एका ठिकाणी विलोच्या गच्च जाळीखाली अजून बर्फ पडून होता, जूनमध्ये, राखेच्या रंगाचा. त्यावर बुटाचा ठसा होता.

"सर!" केतकी किंचाळली.

मी पाढे सोडले नव्हते. एकोणतीसवर आले होते, आणि एकोणतीस माझा कायमचा कच्चा. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक..." अडले.

"सत्त्याऐंशी," झुडपातून बारीक आवाज आला.

मी त्या दिशेने कशी गेले मला आठवत नाही. काका एका विलोच्या बुंध्याला मिठी मारून अर्धवट बसले होते. एक पाय गुडघ्याच्या वरपर्यंत चिखलात गेलेला, आणि त्या चिखलात बर्फाचं पाणी. ओठ निळे. जाळीची टोपी कुठेतरी अडकून राहिलेली. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "पाढा चुकलीस." आणि मग त्यांचे दात इतके वाजायला लागले की पुढे बोलता येईना.

केतकी पोटावर आडवी झाली, चिखलात हात घालून तिने बुटाची नाडी मोकळी केली, आणि आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून ओढलं. पाय आला, बूट आत राहिला. तिने त्यांचे ओले मोजे उतरवून स्वतःचे चढवले, स्वतःचं जाकीट घातलं, थर्मासमधला गोड चहा घोटाघोटाने पाजला. मी त्यांचे तळपाय माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसले. बर्फाच्या लाद्या पोटाशी धरल्यासारखं वाटत होतं. काका काहीतरी पुटपुटत होते. "ओहोळ," असं ऐकू आलं. "ओहोळ कुठे गेला?"

केतकीने शिट्टी वाजवली. काही वेळाने खालून चारचाकी मोटरसायकलची घरघर ऐकू आली. एल्सी झुडपं वाकवत आली. काकांना बघितलं, त्यांना गाडीवर मागे बसवलं, स्वतःच्या पाठीला ब्लँकेटने बांधून घेतलं आणि हळूहळू घेऊन गेली. लहान मुलाला पाठुंगळी बांधतात तसं.

तिरक्या घरात

चुलीजवळ, तीन ब्लँकेटांखाली, हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. एल्सीने मूसच्या, म्हणजे तिकडच्या अजस्र हरणाच्या, मांसाचा रस्सा पाजला. मी मऊ भात आणि मेतकूट केलं. दोन्ही खाल्लं त्यांनी, आधी रस्सा, मग भात. केतकी पुन्हा पुन्हा नाडी बघत होती. तिला वाटत होतं तिची चूक झाली. मला वाटत होतं माझी.

"कोणाची नाही," काका शेवटी म्हणाले. "ऐका. तेव्हा ती झुडपं माझ्या गुडघ्यापर्यंत यायची. कुठेही उभं राहा, चारी डोंगर दिसायचे. वाट चुकणं शक्यच नव्हतं. आज आत गेलो आणि वळून बघितलं तर काहीच नाही. पानं. नुसती पानं."

"मग मागे का नाही फिरलात?"

"मागे कुठे ते कळेना. मला आठवलं, त्या पांढऱ्या धोंड्यापासून एक ओहोळ निघतो. तो धरून खाली यायचं, की ओढा लागतो. मी सगळ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवायचो. धोंडा सापडला. पण ओहोळ नव्हता. त्याची पन्हळ होती. शेवाळाने भरलेली, आणि कोरडी. खाली कान लावला तर पाण्याचा आवाज येत होता गो, आतून. पाणी जमिनीखाली गेलंय. मी त्याच्या मागोमाग चालत राहिलो आणि जमीन पायाखालून गेली."

दाराची दोरी सुटून दार उघडलं, ते एल्सीने उठून बांधलं.

"मी आयुष्यभर त्या दरीबद्दल बोललो," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "परिषदांत बोललो, वर्गात बोललो. आणि आज मला कळेना मी कोणाच्या दरीत आलोय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी माझ्या काकांना रडताना पहिल्यांदा बघितलं. आजी गेली तेव्हाही ते दूर होते. कसे रडले ते आम्हाला दिसलं नव्हतं.

एल्सी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "मलाही दरवर्षी असंच होतं," ती म्हणाली. "बेरी गोळा करायची माझ्या आजीची जागा मला गेल्या वर्षी सापडली नाही. मी तिथेच उभी होते, श्री. त्याच जागेवर. तरी ओळखता आली नाही."

काकांनी तिचा हात धरला. ते तसेच झोपी गेले, हात न सोडता.

काकूंना कळवायचं की नाही, यावर केतकी आणि मी बाहेर कुजबुजलो. शेवटी मी उपग्रहाच्या यंत्रावरून लिहिलं: "सर्व ठीक. एक बूट हरवला." थोड्या वेळाने उत्तर आलं: "मोजे बदलले का?"

वाळूचा उंचवटा

पुढचा दिवस काकांनी पडून काढला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ते एल्सीच्या भाच्याचे जुने रबरी बूट घालून दारात उभे. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "केतकी पुढे, मी मागे. तिच्या बॅगेचा पट्टा धरून चालणार. मग तर झालं?"

केतकी लाजली. "सर, तुम्ही मला दाखवायचं."

"नाही. माझी दरी होती ती मी बघितलीये. आता तुझी दाखव."

आणि खरंच ते तसेच चालले, ऐंशी ओलांडलेला प्रोफेसर, पहिलीतल्या मुलासारखा पट्टा धरून. केतकी सांगत होती, ते ऐकत होते. मधूनमधून प्रश्न विचारत. काही प्रश्नांवर ती थांबायची, विचार करायची, "हे मी चेक केलेलं नाही, सर," म्हणायची. तेव्हा काकांचा चेहरा उजळायचा. जिथे त्यांचा पाय अडकला होता तिथपर्यंत मात्र आम्ही गेलो नाही. बूट आहे तिथेच आहे.

परतताना एल्सी वाटेत भेटली. तिच्या हातात लोखंडी सळई होती, जमीन किती खोलवर मऊ आहे ते बघायची. केतकीचीच. "चला," ती म्हणाली, "माझ्या घराला जागा शोधू. तुम्ही दोन पाण्याची माणसं इथे आहात तोवर."

"मला आता इथलं काही कळत नाही, एल्सी," काका म्हणाले.

"मलाही नाही. हिलाही नाही," केतकीकडे बोट दाखवत ती म्हणाली. "ज्याला सगळं कळतं त्याला मी विचारलंच नसतं."

मग आम्ही चौघं केबिनच्या वरच्या उतारावर फिरत राहिलो. एल्सी सळई खुपसायची. बहुतेक ठिकाणी ती लोण्यात सुरी जावी तशी आत जायची आणि एल्सी मान हलवायची. झुडपं दाट तिथे जमीन मऊ, हे मलाही हळूहळू समजायला लागलं. मी झुडपं विरळ कुठे आहेत ते बघायला लागले. वरच्या अंगाला एक लांबट, बोडका उंचवटा होता. त्यावर बर्च अजून खुरटीच, माझ्या पोटरीएवढी. तिथे वारा जोराने वाहत होता; हिवाळ्यात बर्फ थांबत नसणार. मी हाक मारली.

एल्सीने सळई खुपसली. खर्र करून थांबली. दुसरीकडे खुपसली, पुन्हा खर्र. काका गुडघ्यावर बसले, हाताने शेवाळ बाजूला केलं आणि मूठभर वर काढलं. वाळू आणि गोटे.

"जुन्या हिमनदीने आणून टाकलंय," ते म्हणाले. "हे वितळायचं नाही, कारण यात वितळायला काही नाहीच." मग केतकीकडे बघितलं. "बरोबर?"

"बरोबर वाटतंय, सर. आपण आणखी चार ठिकाणी बघू."

चार ठिकाणी बघितलं. मग एल्सीने एक मोठा गोटा उचलून एका कोपऱ्याच्या जागी ठेवला. दुसरा केतकीने ठेवला, तिसरा मी. चौथा काकांनी उचलायचा हट्ट धरला आणि उचललाही. आम्ही तिघी हात पुढे करून त्यांच्या भोवती उभ्या होतो.

चार गोट्यांच्या मधे एल्सी उभी राहिली. नुसत्या हवेतल्या घरात.

"दार कुठे करणार?" मी विचारलं. "आमच्याकडे पूर्वेला करतात."

"आम्ही पाण्याकडे करतो," ती म्हणाली. "सकाळी दार उघडलं की ओढा दिसला पाहिजे."

ती ओढ्याकडे वळली. आम्हीही वळलो. पण खाली सगळीकडे झुडपंच झुडपं होती, हिरवीगार, वाऱ्यावर हलणारी. त्यांच्या आत कुठेतरी ओढा होता. इथून त्याचा एक थेंबही दिसत नव्हता.

एल्सीने डोळे मिटले आणि आम्हाला गप्प राहायची खूण केली. वारा पडायची आम्ही वाट बघितली. तो पडला तेव्हा आधी काहीच नाही, आणि मग खालून, जरा डावीकडून, पाण्याचा आवाज आला.

डोळे न उघडताच एल्सीने त्या दिशेला हात केला. "दार इथे," ती म्हणाली.